डाव्या कोपऱ्यातलं नाव

१८०९ सालची होळी. दौलतराव शिंद्यांची छावणी तेव्हा राजस्थानच्या मुलखात फिरत होती. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली ती कायमची टेकायला अजून वर्षभराचा अवकाश होता. होळीच्या भेटीसाठी इंग्रज रेसिडेंट ग्रीम मर्सर आपल्या अधिकाऱ्यांना घेऊन महाराजांच्या तंबूत आला. रंग अंगावर येणार हे ठाऊक असल्याने साहेबमंडळी साधे पांढरे कपडे घालून आली होती. सुरुवात बेताने झाली. थोडा गुलाल, थोडं रंगीत पाणी. महाराजांच्या अंगावर कोणी रंग टाकायचा नाही, हा दरबारचा रिवाज. त्या दिवशी मात्र दौलतरावांनी स्वतःच सांगून टाकलं, की ज्याला साधेल त्याने मला खुशाल रंगवावं. आणि मग त्यांच्या हातात आली आग विझवायच्या मोठ्या बंबाची नळी. मागे गडी बंब हाणताहेत आणि ऐन तिशीतले महाराज समोरच्या पाहुण्यांवर पिवळ्या पाण्याचा झोत सोडताहेत, असा तो देखावा होता.

शिंद्यांच्या छावणीत एरवी कपडेच माणूस सांगत. पगडीचा घाट, अंगरख्याचे बंद, उपरण्याचा काठ, कमरेचा शेला यांवरून हा सरदार, हा कारकून, हा पठाण, हा रजपूत, हे दुरून ओळखता येई. वर्षातला तो एकच दिवस असा, की सगळ्यांच्या अंगावर एकच रंग.

हे आपल्याला कळतं ते भिजलेल्यांपैकीच एकामुळे. थॉमस ड्यूअर ब्रॉटन हा रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा प्रमुख होता. छावणीत राहून त्याने पत्रं लिहिली आणि ती १८१३ साली लंडनच्या जॉन मरे यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मराठ्यांचा स्वभाव, चालीरीती, घरगुती सवयी आणि धर्मविधी यांचं वर्णन, असं शीर्षकातच सांगितलेलं आहे. सोबत दहा रंगीत चित्रं. शीर्षकपानावर ब्रॉटनचं पूर्ण नाव आहे, हुद्दा आहे, तो कोणाच्या दरबारी होता तेही आहे. चित्रांबद्दल मात्र एवढीच नोंद आहे, की ती एका देशी चित्रकाराच्या रेखाटनांवरून कोरलेली आहेत.

त्या दोन शब्दांपाशी मी नेहमी अडखळतो. मराठ्यांच्या पोशाखाची, दरबारांची, छावण्यांची जुनी छापील चित्रं दिसली की आपण ती ‘इंग्रजांनी काढलेली’ म्हणून बाजूला ठेवतो, किंवा ‘अस्सल’ म्हणून भिंतीवर लावतो. दोन्हीत घाई आहे. अशा प्रत्येक चित्रामागे चार-पाच हात असतात आणि त्यांतला पहिला हात पुष्कळदा इथलाच असतो. ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीची छापील चित्रं कशी घडत गेली, हे पाहिलं की ते स्पष्ट होतं.

बालाघाटचा वकील

परक्या मुलखातल्या माणसांचे कपडे छापून विकायचे, हा धंदा युरोपात सोळाव्या शतकात जोरात आला. व्हेनिसच्या चेझारे वेचेल्योने १५९० साली लाकडी ठशांनी छापलेला पोशाखांचा मोठा ग्रंथ काढला आणि १५९८ च्या आवृत्तीत त्याला साऱ्या जगाच्या पोशाखांचं रूप दिलं. एका पानावर एक माणूस, त्याच्याजवळ त्याच्या देशाचं आणि दर्जाचं नाव, असा या पुस्तकांचा साचा. वाचकाला त्या माणसाचं नाव नको असे, त्याची जात-जमात हवी असे.

आपला मुलूख या साच्यात आला तो गोव्याच्या वाटेने. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८८ पर्यंत राहिला. परत गेल्यावर १५९६ साली ॲमस्टरडॅमला त्याचा प्रवासग्रंथ निघाला आणि त्यातली चित्रं फान डूटेकम घराण्यातल्या कारागिरांनी तांब्यावर कोरली. गोव्याच्या हमरस्त्यावरचा बाजार, पालखीतून जाणारा पोर्तुगीज, ब्राह्मण, व्यापारी, शेतकरी हे सगळं त्यात आहे. त्यातच एक मानकरी आहे बालाघाटच्या राजाचा वकील. त्या राजाला पोर्तुगीज ‘इदलखान’ म्हणत. म्हणजे विजापूरचा आदिलशहा. सह्याद्रीच्या माथ्यावरून गोव्यात उतरलेल्या राजदूताचं हे छापील रूप शिवाजी महाराजांच्या जन्माआधीचं आहे.

चित्र नीट पाहिलं की दोन हात वेगळे दिसतात. कपड्यांचा बारकावा पाहिलेल्या माणसाचा आहे. शरीर मात्र हॉलंडमधल्या कोरक्याचं आहे. एका पायावर भार टाकून उभं राहण्याची ढब, दंडाचे गोळीव स्नायू, चेहऱ्याची ठेवण, हे सगळं युरोपीय पुतळ्यांवरून शिकलेलं. ज्याने गोवा पाहिला त्याने तांबं कोरलं नाही आणि ज्याने तांबं कोरलं त्याने गोवा पाहिला नाही. पुढे फ्रँकफर्टच्या दे ब्री घराण्याने तीच चित्रं उचलून आपल्या प्रवासमालेत नव्याने कोरली आणि मूळ माणूस आणखी एक पायरी दूर गेला.

अशा अंतराची किंमत आपण मोजलेली आहे. शिवाजी महाराजांचं चित्र म्हणून इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं चित्र आपल्याकडे बराच काळ चाललं. वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथकार व्हॅलेंटाइनच्या साधनांतून महाराजांचं चित्र उजेडात आणलं, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. छापील चित्राखालचं नाव चुकलं की पिढ्यान्‌पिढ्या भलत्याच चेहऱ्याला नमस्कार घडतो.

किल्ला आधी, माणसं नंतर

ग्वाल्हेर युरोपीय छापांत आलं ते आधी दगड म्हणून. १७८० च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या कॅप्टन पॉपमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून हा किल्ला शिंद्यांकडून घेतला. ज्या गडाला अजिंक्य म्हणत तो एका रात्रीत पडला, ही बातमी लंडनपर्यंत गाजली. १७८२ साली ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी इंग्रज आणि मराठे यांच्यात तह झाला, त्या वाटाघाटींत महादजी शिंदे मध्यस्थ होते. किल्ला तेवढ्यात गोहदच्या राण्याकडे गेला होता. १७८३ साली महादजींनी तो परत जिंकून घेतला.

त्याच १७८३ साली विल्यम हॉजेस ग्वाल्हेरला पोचला. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत दक्षिण समुद्राची चित्रं काढलेला हा चित्रकार वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने हिंदुस्थानात फिरत होता. लंडनला परतल्यावर १७८५ ते १७८८ या काळात त्याने हिंदुस्थानातली ४८ दृश्यं छापली, त्यात ग्वाल्हेरचा किल्ला आहे. पठारावरून एकाएकी वर उठलेला तो लांबच लांब कातळ, वर तटाची रेघ, आभाळात ढगांची उलथापालथ. माणसं आहेत ती मुंगीएवढी. कातळ किती मोठा, हे कळावं म्हणून ठेवलेली. हॉजेसला कपड्यांशी कर्तव्य नव्हतं. त्याच्या खरीददारांना पॉपमच्या शिड्या कुठे लागल्या असतील ती जागा पाहायची होती.

या छापांचं तंत्र ॲक्वाटिंटचं. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, पत्रा खालून तापवून ती चिकटवायची आणि मग तेजाबात सोडायचा. राळेच्या कणांच्या मधली जागा तेजाब खातं. जितका वेळ खाऊ द्यावं तितकी छटा गडद. जिथे फिकं हवं तिथे वेळेवर वार्निश लावून तेजाबाला अडवायचं. छापल्यावर धुवट शाईच्या रंगासारखा परिणाम मिळतो, म्हणून ढग आणि कातळ यात फार सुरेख उतरतात. मलमलीचा झिरझिरीतपणासुद्धा उतरतो. तो उपयोग पुढे व्हायचा होता.

वस्त्रं

१७९२ साली महादजी पुण्याला आले. त्यांनी बरोबर आणलं होतं दिल्लीच्या बादशहाचं फर्मान आणि पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची वस्त्रं. पुण्यात मोठा समारंभ करून सवाई माधवरावांना ती वस्त्रं देण्यात आली. मराठी वाचकाला यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ‘पेशवाईची वस्त्रं मिळाली’, ‘सरदारकीची वस्त्रं दिली’ असं आपली बखर आणि आपली बोली आजही म्हणते. आपल्याकडे पोशाख हा हुकूम होता, नेमणूक होती, कराराची सही होती. कोणी दिलं, कोणासमोर दिलं, कोणत्या क्रमाने घातलं, यावर माणसाचा अधिकार ठरे. पोशाखांच्या युरोपीय पुस्तकाला नेमकं हेच दिसत नव्हतं. अंगरखा दिसे, तो कोणी बहाल केला ते दिसत नसे.

त्याच सुमारास पुण्यात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार काम करत होता. १७९१ साली तो मुंबईला उतरला आणि रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या वशिल्याने दरबारात पोचला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे या तिघांची चित्रं त्याने काढली. आज आपल्या डोळ्यांपुढे महादजींचा चेहरा येतो तो मोठ्या अंशी वेल्सच्या हातचा. वेल्सबरोबर राहून पुण्याचा एक तरुण कलावंत काम करत होता: गंगाराम चिंतामण तांबट. त्याने लेणी काढली, पहिलवान काढले, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. त्याच्या चित्रांचा संग्रह आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलाकेंद्रात आहे आणि त्याचं नाव आपल्याला माहीत आहे, हेच मोठं सुदैव.

वेल्स १७९५ साली वारला. साष्टीत लेण्यांची चित्रं काढताना त्याला ताप भरला. त्याची रेखाटनं चित्रकार थॉमस डॅनियलकडे गेली. वेरूळच्या लेण्यांचा डॅनियलचा प्रसिद्ध छापसंग्रह त्यांवरूनच सिद्ध झाला. आणि १८०५ साली डॅनियलने मोठा कॅनव्हास रंगवला: १७९० साली पुणे दरबारात मॅलेट टिपूविरुद्धचा करार पक्का करतोय. १८०७ साली चार्ल्स टर्नरने त्यावरून मेझोटिंट छाप काढला. मेझोटिंटमध्ये सगळा पत्रा आधी दाताळ्या हत्याराने खरवडून काळा करतात आणि मग घासून घासून त्यातून उजेड काढत जातात. पांढऱ्या अंगरख्यांची रांगच्या रांग अंधारातून उमलावी तशी त्या छापात उभी आहे.

आता हिशेब पाहा. करार झाला तेव्हा डॅनियल पुण्यात नव्हता. वेल्स तर हिंदुस्थानातच आला नव्हता. टर्नर लंडनमध्ये. तरीही चित्र थापाडं नाही. वेल्सने एकेका माणसाला समोर बसवून केलेल्या अभ्यासांतून चेहरे, पगड्या, बैठकी आल्या आहेत. प्रसंग जुळवलेला, माणसं पाहिलेली. अशा चित्रापुढे ‘हे खरं का?’ असा एकच प्रश्न पुरत नाही. यातलं काय पाहिलेलं आहे, काय ऐकलेलं आहे आणि काय जुळवलेलं आहे, असे तीन प्रश्न विचारावे लागतात.

गाठ कोणत्या बाजूला?

दौलतरावांच्या वाट्याला पडती वर्षं आली. १८०३ साली असई आणि लासवारी हरल्यावर सुर्जी-अंजनगावचा तह झाला. १८०५ च्या तहाने ग्वाल्हेर परत मिळालं. पण दरबार राहिला तंबूतच. तोफा, पलटणी, सराफ, हलवाई, सुतार, कलावंतिणी, गोसावी, बैलांचे तांडे आणि मराठी कागदपत्रं ज्यांना ‘बुणगे’ म्हणतात ते सारं बिनलढाऊ लटांबर यांचं एक चालतं शहर होतं ते. ब्रॉटनने हे शहर आतून पाहिलं. त्याच्या लेखणीत मराठ्यांबद्दल कडवटपणा आहे, तो लपवण्याचं कारण नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर हरलेल्या शत्रूकडे जसा पाहील तसाच तो पाहतो. पण त्याचे डोळे उघडे होते. शिपायांच्या तोंडची ब्रजभाषेतली काव्यं त्याने गोळा केली आणि १८१४ साली वेगळ्या पुस्तकात छापली.

पोशाखाची एक गोष्ट त्याने सांगितली आहे, ती त्या पुस्तकातली मला सगळ्यात मोलाची वाटते. छावणीत जोरावरसिंग नावाचा एक तरुण शिपाई होता. दोन-तीन वर्षं चोख नोकरी केल्यावर उलगडा झाला, की हा पुरुष नव्हे, मुलगी आहे. तिचा भाऊ भोपाळमध्ये कर्जापायी कैदेत होता. त्याला सोडवायला पैसे हवेत म्हणून ती शिपायाच्या वेषात पलटणीत दाखल झाली होती. ही बातमी दौलतराव आणि त्यांची पत्नी बायजाबाई यांच्या कानांवर गेली आणि दोघांनी तिची दखल घेतली. कपडे माणसाची जात आणि दर्जा सांगतात, यावर युरोपातला पोशाखग्रंथांचा सगळा बाजार उभा होता. इथे एक मुलगी कपड्यांच्याच जोरावर पलटणीत उभी होती.

ब्रॉटनच्या पुस्तकातली दहा चित्रं लंडनला कशी पोचली असतील, त्या वाटेचे टप्पे आपल्याला ठाऊक आहेत. छावणीतल्या चित्रकाराने कागदावर चित्र काढलं. कागद जहाजाने काही महिन्यांनी लंडनला गेला. तिथे कोरक्याने ते तांब्यावर उतरवलं, तेजाबात सोडलं, छाप काढले. मग प्रत्येक प्रत हाताने रंगवली गेली. रंगवणारे हात वेगळेच. एकाने एक रंग भरायचा आणि कागद पुढे सरकवायचा, अशी त्या कारखान्यांची रीत. अंगरखा फिका केशरी की गुलाबी, हे शेवटी ज्यांनी तो अंगरखा कधी पाहिला नाही त्यांनी नमुन्यावरून ठरवलं.

या वाटेत एक खोडा असतो, तो प्रत्येक इतिहासप्रेमी मराठी माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. तांब्यावर जसं कोराल त्याच्या उलटं कागदावर उमटतं. म्हणून जाणता कोरक्या चित्र आधीच आरशात पाहिल्यासारखं उलटं उतरवून घेतो. घाईत असलेला किंवा दुसऱ्याच्या छापावरून चोरून नक्कल करणारा तसाच सरळ कोरतो आणि सगळं चित्र पालटतं. इमारतीत ते चालून जातं. माणसात चालत नाही. तलवार उजव्या कमरेला लटकते. पंगतीतला ब्राह्मण डाव्या हाताने घास घेतो. आणि अंगरख्याची गाठ बाजू बदलते. मोगल अमदानीपासून रूढ खूण अशी, की जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूला बांधतात आणि मुसलमान उजव्या. जुन्या दरबारी चित्रांत माणूस ओळखायला जाणकार आजही पहिल्यांदा तिथे पाहतात. म्हणजे लंडनमधल्या एका कारागिराने चित्र उलटं उतरवायचा आळस केला, तर एका फटक्यात माणसाचा धर्म बदलतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून असा छाप हातात आला की मी आधी चेहरा पाहत नाही. गाठ पाहतो. मग तलवार. मग खायचा हात. तिन्ही जागच्या जागी असतील, तर समजावं की मूळ रेखाटनाचा मान कोरक्याने राखला आहे.

ब्रॉटनच्या पुस्तकातल्या चित्रकाराचं काम ब्रॉटनच्या मजकुरापेक्षा वेगळ्या स्वभावाचं आहे. ज्या छावणीला ब्रॉटन शब्दांत नावं ठेवतो, तीच छावणी त्या चित्रांत शांतपणे आपलं काम करताना दिसते. चित्रकाराला मराठे विचित्र वाटायचं कारणच नव्हतं. तो रोज त्यांच्यातच वावरत होता. याच छावणीत रेसिडेंटच्या हाताखाली आणखी एक इंग्रज होता, जेम्स टॉड. त्याचा राजस्थानचा इतिहास १८२९ आणि १८३२ साली दोन खंडांत आला, त्यातल्या छापांमागेही कॅप्टन वॉ याच्याबरोबर घासी नावाच्या देशी चित्रकाराचा हात आहे. शिंद्यांच्या तंबूंच्या सावलीत असे कितीतरी कुंचले चालू होते.

कासोटा आणि दगड

१८१० साली दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला मुक्काम केला आणि तो मुक्काम हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजाराच्या ओळीच्या जागी पेठा आल्या, पण नाव तेच राहिलं: लष्कर. आजही ग्वाल्हेरचा माणूस ‘लष्करला जातो’ म्हणतो तेव्हा तो दौलतरावांच्या छावणीचंच नाव घेतो. मराठी घरं, गणपती, पूजापाठ, पुरणपोळी आणि शिंदेशाही पगडी हे सगळं या छावणीने चंबळेच्या अंगाला रुजवलं. जवळच चंदेरीचे माग होते. तिथली तलम वस्त्रं मराठी दरबारांच्या अंगावर आली आणि चंदेरी साडी मराठी लग्नाच्या रुखवतात जाऊन बसली.

दौलतराव १८२७ साली वारले. कारभार बायजाबाईंच्या हाती आला. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही मुलगी घोड्यावर बसण्यात आणि राज्य चालवण्यात सारखीच तयार होती. १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. दोन वर्षांनी फत्तेगडला त्यांच्या डेऱ्यांत फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई आली आणि दोघींचं सूत जमलं.

जनान्याच्या कनातीआड मराठी बायका घोडे फिरवत होत्या. पुरुषासारखी मांड टाकून, लुगड्याचा कासोटा घालून. बायजाबाईंनी पार्क्सला तिच्या पद्धतीने बसून दाखवायला सांगितलं. ती इंग्रजी खोगिरावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसली आणि बायकांना ते फारच चमत्कारिक वाटलं. मग पार्क्सने मराठी लुगडं नेसलं. एकच लांब वस्त्र, त्यातूनच कासोटा, त्यातूनच पदर. शिवण नाही, गुंडी नाही. तसं नेसून ती घोड्यावर बसली आणि आपल्याकडच्या बायकांनी मांड टाकून बसणं का सोडलं, याचं तिला वाईट वाटलं. हे सगळं तिने १८५० साली लंडनला छापलेल्या आपल्या दोन खंडी प्रवासग्रंथात लिहून ठेवलं.

पोशाखचित्रांच्या तीन शतकांच्या इतिहासात हा क्षण मला वेगळा वाटतो. इथे परकी बाई वही घेऊन समोर उभी राहिली नाही, तिने लुगडं नेसून पाहिलं. नऊवारीचं मर्म बघून कळत नाही. घोड्यावर बसल्यावर कळतं.

पार्क्सच्या ग्रंथातली चित्रं शिळाछापाची. तोवर तंत्र बदललं होतं. विशिष्ट जातीच्या चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा. खडूच्या जागी शाई बसते, ओल्या जागी बसत नाही. तेजाबाची आणि कोरक्याची गरज घटली आणि चित्र काढणाऱ्याचा हात कागदाच्या अधिक जवळ आला. गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन १८४० च्या जानेवारीत ग्वाल्हेरला येऊन गेली. हिंदुस्थानातले राजे आणि माणसं यांचा तिचा मोठा शिळाछाप संग्रह १८४४ साली निघाला. त्यात माणसांना नावं आहेत. ‘एक रजपूत’, ‘एक मराठा’ या साच्यातून माणूस हळूहळू बाहेर येऊ लागला होता.

लाकडात कोरलेलं लष्कर

नंतर कॅमेरा आला आणि वाटलं, आता मधले हात संपले. संपले नाहीत. लुई रूसले हा फ्रेंच तरुण १८६० च्या दशकात मध्य हिंदुस्थानातली संस्थानं हिंडला आणि स्वतः फोटो काढत गेला. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांचं राज्य होतं. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीने याच मातीत देह ठेवला होता, त्याला फार वर्षं झाली नव्हती. किल्ल्यावर इंग्रजी फौज बसलेली होती. तो शिंद्यांना परत मिळायला १८८६ उजाडायचं होतं.

रूसलेचा ग्रंथ १८७५ साली पॅरिसच्या हाशेतने काढला, पुढल्या वर्षी इंग्रजीत आला. तीनशेहून अधिक चित्रं. पण फोटो पुस्तकाच्या पानावर मजकुराबरोबर छापता येत नव्हता. म्हणून पॅरिसमधल्या चित्रकारांनी फोटोवरून चित्रं काढली आणि कोरक्यांनी ती टणक लाकडाच्या आडव्या छेदावर केसासारख्या बारीक रेघांनी कोरली. ह्यूगोच्या कादंबरीतली छोटी कोझेत जगभर ज्याच्या चित्राने ओळखली जाते तो एमिल बायार या चित्रकारांतला एक. फोटोतला मराठी सरदार बायारच्या हाताखालून गेला की त्याच्या पगडीवर पॅरिसची सावली पडते. अंगरख्याच्या चुण्या जरा नाट्यमय होतात, नजर जरा गूढ. पगडीचा घाट मात्र फोटोने धरून ठेवलेला असतो.

त्याच दशकात वारं उलटं फिरलं. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछाप चित्रं तिथून मराठी घराघरांत गेली. लिन्सखोटेनच्या ‘इदलखानाच्या वकिला’पासून जवळजवळ तीनशे वर्षांनी आपली माणसं, आपल्या पगड्या आणि आपली नावं आपल्या दगडावर आपल्याच शाईने उमटली. नाना फडणीस भिंतीवर आले ते ‘एक मराठा कारभारी’ म्हणून नव्हे, नाना म्हणून.

तरीही त्या जुन्या परक्या छापांकडे पाठ फिरवू नये, असं मला मनापासून वाटतं. कापड सहसा दोनशे वर्षं टिकत नाही. दौलतरावांच्या दरबारातल्या किती अंगरख्यांचे धागे आज शिल्लक असतील? त्या छावणीतल्या साध्या शिपायाचे, कलावंतिणीचे, हलवायाचे कपडे तर कोणी जपून ठेवलेच नाहीत. ते आहेत ते या कागदांवरच. म्हणूनच ते जपून आणि डोळे उघडे ठेवून वाचायला हवेत. गाठ कुठे आहे, रंग कोणी भरला, प्रसंग पाहिलेला की जुळवलेला, हे विचारत वाचायला हवेत.

आणि एक करावं. जुन्या छापांत चित्राच्या चौकटीखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत दोन नावं घालायची रीत होती. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, डाव्या कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचं. फ्रेम करताना आपल्याकडचा कारागीर हा भाग हमखास कापून टाकतो, पांढरी पट्टी सरळ यावी म्हणून. ती कापू देऊ नये. ब्रॉटनच्या शीर्षकपानाने ज्याला ‘देशी चित्रकार’ एवढंच म्हटलं, त्याच्यासारख्यांना शोधायची जागा तीच आहे. शिंद्यांच्या छावणीत कुठल्याशा पालात मांडी घालून बसलेला तो माणूस होता. समोर माणसं येत-जात होती आणि अंगरख्याची गाठ कोणत्या बाजूला असते, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.